स्तुतीविरुद्ध आलेला तक्रार अर्ज

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी धक्काच बसतो. राग त्याच्या मागून येतो. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, दंगे पाहिले, खूनही पाहिले. पण कुणी आपली स्तुती केली म्हणून पोलिसांकडे धावत आलेला माणूस मी एकदाच पाहिला.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. वडील लष्करात होते, बदलीवर चंडीगडला आले आणि इथलेच झाले. मी इथे शिकलो, इथल्याच पोलीस दलात भरती झालो. ठाण्यात हिंदी-पंजाबी आणि घरात मराठी, असा आमचा संसार. हे प्रकरण घडलं तेव्हा मी एका ठाण्याचा प्रमुख होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आमच्या भागात एक वजनदार नेते होते. नाव सांगत नाही, कारण असा माणूस प्रत्येक शहरात सापडतो. बसथांब्यावर त्यांचा फोटो, पाण्याच्या कूलरवर त्यांचा फोटो, कचऱ्याच्या गाडीवरही हात जोडून तेच उभे. एका बागेतल्या बाकाचं त्यांनी उद्घाटन केलं. फोटोत डोळे मिटलेले आले म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच बाकाचं पुन्हा केलं. दोन्ही दिवशी बंदोबस्त माझ्याच ठाण्याचा होता, म्हणून हे छातीठोक सांगतो.

त्या वर्षी मोबाइलवर काही छोटे व्हिडिओ फिरू लागले. चेहरा दिसायचा नाही. एका बाईचा आवाज, शुद्ध हिंदी, कीर्तनात सांगावं तसा भक्तिभाव. साहेबांनी नजर टाकली की सुखना तलाव काठोकाठ भरतो. उन्हाळा त्यांची परवानगी घेऊनच शहरात शिरतो. एका व्हिडिओत रस्त्यातल्या खड्ड्याशेजारी साहेबांचा फोटो मांडला होता, दोन हात त्याला ओवाळत होते आणि मागून आवाज येत होता, की आज हा खड्डा धन्य झाला.

कुणीही शहाणा माणूस पहिल्या वाक्याला ओळखेल की ही थट्टा आहे. साहेबांच्या कार्यालयाने ती ओळखली नाही. तिथे रोज याच भाषेत बोललं जायचं, त्यांना त्यात वेगळं काय वाटणार? त्यांनी व्हिडिओ स्वतःच्या पानावर टाकले, खाली हात जोडल्याच्या खुणा लावल्या. वाढदिवसाच्या समारंभात तर मोठ्या पडद्यावर लावले. मी दाराशी उभा होतो. तलावाच्या वाक्याला मागच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं, मग ते हसू पुढे पुढे येत गेलं आणि अख्खं सभागृह हसू लागलं. साहेब लोकांकडे हात हलवत होते. हा आनंद आपल्यासाठीच आहे, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या स्वीय सहायकाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

सभागृहातलं ते हसू दुसऱ्या दिवशी शहरभर फिरलं आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर साहेबांच्या सहीचा तक्रार अर्ज आला. साहेबांविरुद्ध कट, बदनामी, शांततेला धोका. वरिष्ठांचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. तीन दिवसांत माणूस शोधा, गुन्हा नोंदवा आणि पत्रकारांसमोर उभा करा. मी म्हटलं, आधी प्राथमिक चौकशी करतो. ते म्हणाले, लवकर करा.

खबर आली ती सेक्टर ३४मधून. तिथे कोचिंग क्लासची गर्दी, आणि एका झेरॉक्सवाल्याचा आणि माझा जुना परिचय. त्याच्या दुकानात मुलं नोट्स काढायला येतात आणि उभ्या उभ्या सगळं बोलून जातात. तो म्हणाला, "जनाब, बच्चे कहते हैं ये तो अपनी किसी बायो वाली मैडम की आवाज है. कौन-सी, ये कोई नहीं बताता." त्या सेक्टरमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई पाच-पन्नास तरी असतील. मुलं कुणाला धरून देणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुक वाटलं.

गुंता सुटला तो आमच्या घरी. जेवताना मी तो खड्ड्याचा व्हिडिओ पुन्हा लावला होता. हिने एकदाच पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही आपल्यातली आहे. बघा, आधी कुंकू-अक्षता, मग अंगठी आणि सुपारी ओवाळली, आणि मग निरांजन. इथली बाई सुपारी कशाला ओवाळेल?" मी तो व्हिडिओ वीस वेळा तरी पाहिला असेल. गाडीचा नंबर शोधत होतो, दुकानाची पाटी शोधत होतो, आणि लहानपणापासून दर वाढदिवसाला जे पाहिलं ते मला दिसलंच नाही. सेक्टर ३४मध्ये जीवशास्त्र शिकवणारी मराठी बाई शोधायला पंधरा मिनिटं पुरली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला उपनिरीक्षकाला सोबत घेऊन मी दुपारी तिच्या घरी गेलो. भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीवर हार घातलेला एक फोटो. बाई चाळिशीच्या, अमरावतीच्या. सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेत त्यांचे पती शास्त्रज्ञ होते. दहा वर्षांची मुलगी शाळेत गेली होती. या शहरात त्या दोघींना तिसरं कुणी नव्हतं. बाईंना अटक झाली असती तर नोकरी त्याच दिवशी गेली असती आणि त्या मुलीने कुणाकडे जायचं, हा प्रश्न उभा राहिला असता.

चौकशीत माणूस आधी खोटं बोलतो, हा माझा अनुभव. मी त्या तयारीनेच बसलो होतो. बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "व्हिडिओ माझेच आहेत जी. फोन हा इथे आहे, घ्या." मी पंचनामा करून फोन ताब्यात घेतला, पावती दिली, आणि कशासाठी हे केलं ते विचारलं.

चार महिन्यांपूर्वी भर दुपारी त्यांच्या पतींच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला फोन केला. आमच्या भागात एकच जुनी गाडी चालू होती आणि ती दुसरीकडे गेली होती. शेवटी शेजाऱ्याने रिक्षा आणली आणि वाटेतच सगळं संपलं. तेराव्यानंतर बाईंना कुणी तरी सांगितलं, की नव्या सहा रुग्णवाहिका केव्हाच्या आल्या आहेत. गाड्या ठेवल्या होत्या त्या मैदानावर बाई गेल्या. सहा गाड्या रांगेत, कापडाने झाकलेल्या. वाऱ्याने एक कोपरा उडाला तेव्हा आतून साहेबांचा फोटो दिसला. चौकीदार म्हणाला, उद्घाटनाची तारीख मिळाली नाही, तोवर चावी लावायची नाही.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गाड्या मीही जाता-येता पाहत होतो. पण त्या उभ्या आहेत म्हणजे कुठे तरी कुणी तरी तडफडत आहे, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. मी ऐकत बसलो आणि मला स्वतःचीच शरम वाटू लागली.

बाईंनी फाइल काढली. अर्ज, स्मरणपत्रं, माहिती अधिकारात मिळालेले कागद. त्यातला एक कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. कार्यक्रमाची पहिली तारीख ठरली होती, ती त्यांचे पती गेले त्याच्या आठ दिवस आधीची. ती रद्द झाली होती. कारण, अन्य कामामुळे बंदोबस्तासाठी मनुष्यबळ उपलब्ध नाही, असं ठाण्याचं पत्र.

"ही सही तुमचीच आहे ना, साहेब?"

माझीच होती. दिवसाला अशी दहा पत्रं माझ्यापुढे यायची. मुन्शी, म्हणजे ठाण्याची लिखापढी पाहणारा हवालदार, बोटाने जागा दाखवायचा आणि मी सही करायचो. महिला उपनिरीक्षक खिडकीबाहेर पाहू लागली. मी "हो" म्हणालो.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तीन महिने रडून रडून अर्ज करून राहिली होती. एकाचंही उत्तर नाही आलं. मग स्तुती केली, तर आठ दिवसांत त्यांच्या ऑफिसनं उचलून धरली. तेव्हा समजलं, की त्यांना ऐकू येते, पण एवढंच ऐकू येते."

मी त्यांना अटक केली नाही. पण माझं मन द्रवलं म्हणून अर्ज बंद करता येत नाही. कागदाला कागदच लागतो. तक्रारदाराचा जबाब घेतल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही, म्हणून मी व्हिडिओतली वाक्यं क्रमांक घालून उतरवली आणि साहेबांकडे गेलो. दिवाणखान्यात त्यांचेच एकवीस फोटो होते. वाट पाहायला लावलं तेवढ्या वेळात मी मोजले. साहेब आले. मी वाक्य वाचायचो आणि विचारायचो, हे खोटं आहे असं आपलं म्हणणं आहे का? एका व्हिडिओत बाकाची कथाही होती. त्या बाकाचं उद्घाटन दोनदा झालं, हे खोटं आहे का? सहायक खोकला. ते खोटं नव्हतं. पुढचं वाक्य मी वाचलं, की आपण नजर टाकली की सुखना तलाव भरतो. हे तरी खोटं आहे, असं लिहून घेऊ?

साहेब विचारात पडले. चेष्टा नाही, खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "इसे रहने दो. लोग मानते हैं."

माझं पेन हातातच राहिलं. या माणसाला वेळ नाही म्हणून शहर थांबतं, आणि याला असं वाटतं! तरीही मी प्रयत्न केला. व्हिडिओ कुणी केले ते सांगितलं नाही, पण का केले ते सांगितलं. गाड्या उभ्या होत्या आणि एक माणूस रिक्षात गेला, एवढं अगदी सरळ शब्दांत सांगितलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, पोहोचलं. मग ते सहायकाकडे वळले आणि म्हणाले, "उन गाड़ियों पर फोटो कौन-सी लगी है? नई वाली ना?"

खुनी माणसंसुद्धा मेलेल्याबद्दल बोलताना क्षणभर नजर खाली घालतात. मी पाहिलं आहे. इथे पापणीही हलली नाही. मी कागद गोळा केले आणि उठलो.

सहायक माझ्यामागे फाटकापर्यंत आला. हे जबाब न्यायालयात वाचले जातील का, असं त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, शब्दन्शब्द, आणि पत्रकार बसलेले असतील. पुढचा व्हिडिओ गाड्यांवरच आला तर त्यात कुणाकुणाची नावं येतील, हेही त्याने विचारलं. मी म्हटलं, ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्यांची, माझ्यापासून सुरुवात करून. त्याच संध्याकाळी तक्रारदाराला पुढे काही सांगायचं नाही, असं लेखी आलं. अर्ज दप्तरी दाखल झाला. वरिष्ठ माझ्याशी पुढे तीन आठवडे बोलले नाहीत.

थट्टेने गर्विष्ठ माणूस सुधारतो, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. साहेबांचा एक केसही वाकडा झाला नाही. पुढच्या महिन्यात कूलरवर नवे फोटो लागले. थट्टा लागली ती त्यांच्याभोवती तबक आणि कात्री घेऊन उभ्या असणाऱ्यांना, आणि त्यांत मीही होतो. आम्हाला त्यांची भीती होती. त्या सभागृहात सगळे हसले आणि पहिल्यांदा आम्हाला लोकांच्या हसण्याचीही भीती वाटली. अर्ज दप्तरी दाखल होताच कुणी तरी गुपचूप गाड्यांवरची कापडं काढली आणि फीत न कापता चाव्या चालकांच्या हातात दिल्या.

बाई फोन न्यायला ठाण्यात आल्या. मी उभा राहिलो, सही घेतली, फोन दिला. आपण चांगली बातमी देत आहोत, अशा समजुतीने सांगितलं, की ताई, सहाही गाड्या रस्त्यावर आल्या.

त्यांनी विचारलं, "किती दिवस लागले?"

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दोनच दिवसांचं काम होतं."