दोन हजार मीटरवरचं 'तू'

माझा मामा याखेन डेनोथ धुराडी साफ करायचा. आल्प्समधल्या आमच्या स्विस खोऱ्यात धुराडेवाल्याच्या काळ्या बाहीला बोट लावलं की नशीब उजळतं असं मानतात. त्यामुळे नवऱ्या मुली, परीक्षेला निघालेली पोरं, लॉटरीची तिकिटं घेणारे म्हातारे, सगळे त्याला आयुष्यभर चाचपत आले. स्वतःच्या नशिबाचं मात्र त्यानं काही केलं नाही. लग्न केलं नाही, पैसा जोडला नाही, आणि निवृत्त झाल्यावरही एका घराचं धुराडं साफ करायचं सोडलं नाही. ते घर डोरोथे इझेलिनबाईंचं.

बाई मूळच्या बासेलच्या. तरुणपणी आमच्या शाळेत शिकवायला आल्या आणि इथेच राहिल्या. मलाही त्यांनीच शिकवलं. गावात आम्ही सगळे एकमेकांना 'तू' म्हणतो, पाद्र्यालासुद्धा. बाईंना मात्र 'तुम्ही', आणि बाईंचंही प्रत्येक मोठ्या माणसाला 'तुम्ही'. शहरातून येताना बरोबर आणलेलं ते 'तुम्ही' त्यांनी कधी उतरवून ठेवलं नाही. आता 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं तर आमच्याकडे बाईमाणसानं किंवा वयानं मोठं असेल त्यानं आधी म्हणायचं असतं, मग पेल्याला पेला लावायचा. इझेलिनबाई बाईमाणूस तर होत्याच, वर मामापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. म्हणजे मामाची दोन्ही दारं बंद!

दर शरद ऋतूत मामा त्यांची शेगडी आणि धुराडं साफ करून द्यायचा. मग बाई खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून त्याला कॉफी द्यायच्या. "डेनोथसाहेब, साखर?" "नको, आभारी आहे, इझेलिनबाई." इतकी वर्षं एवढंच. मी चिडून म्हणायचे, अरे, निदान एकदा साखर तरी घे!

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मामा माझ्या बेकरीत आला आणि टोपी न काढताच उभा राहिला.

"मेंगे, त्या बासेलला चालल्या. कायमच्या. गुडघा साथ देत नाही, लाकडं उचलवत नाहीत. बर्फ पडायच्या आत पुतण्याकडे जाणार."

"मग थांबा म्हण की त्यांना!"

"तुम्ही थांबा असं पाहुण्याला म्हणतात, मेंगे. त्या म्हणतील बरं, अजून एक कॉफी घेतील आणि जातील."

"मग म्हण, तू थांब."

"मी कसा म्हणू? आधी त्यांनी म्हणायला हवं."

मी कणकेचा गोळा ओट्यावर असा आपटला की पीठ उडून त्याच्या मिशीला लागलं. माणूस हातचा चाललाय आणि हा रीतभात सांभाळतोय! पण मामा मिशी पुसत हळूच म्हणाला, "एक जागा आहे. दोन हजार मीटरच्या वर."

ते मात्र खरं होतं. डोंगरात दोन हजार मीटरच्या वर गेलं की कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. वाटेत भेटलेला बँकेचा साहेब असो की गुराखी, तिथे सगळे 'तू'. खाली उतरलं की पुन्हा आपापल्या जागी. बाईंचा गुडघा काही दोन हजार मीटर चढणार नव्हता. पण बेर्निना खिंडीची आगगाडी चढते. छोटीशी सहल करायची, सकाळी निघून, खिंडीवरून पलीकडे आल्प ग्र्युम या दोन हजारांच्या वरच्याच स्टेशनावर उतरायचं, हिमनदीसमोर बसून खायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं.

ही आयुष्यातली एकमेव योजना मामानं अशी आखली की जणू तो पलटण घेऊन चालला होता. बाईंना उलट्या दिशेनं तोंड करून बसलं की गरगरतं, म्हणून त्यांची बैठक गाडीच्या तोंडाकडे. हिमनद्या उजवीकडे, म्हणून जागा उजवीकडची. काचेच्या छताचा डबा नको, कारण त्याच्या खिडक्या उघडत नाहीत.

"खिडकी कशाला उघडायचीय?" मी विचारलं.

"मला घाम फुटला तर?"

एकच शंका त्याला खात होती. गाडीत बसून वर गेलं तर 'तू' चालतं का? ती त्यानं गुत्त्यात जाऊन विचारली, एका मित्राचा प्रश्न म्हणून. मित्र कोण ते तिथल्या कुत्र्यालाही कळलं.

"नाही चालत," गुराखी बाल्त्सर म्हणाला. "पायांनी चढलं पाहिजे. गाडीत चढते ती गाडी. तू नुसता बसतोस."

"आणि दोन हजारच कशाला? खालच्या भागात हजार मीटर मानतात म्हणे," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"वा! आपलं गावच सतराशेवर आहे. मग काय करवसुलीवाल्याला पण तू म्हणायचं?"

"मी म्हणतोच," बाल्त्सर म्हणाला.

शेवटी गुत्तेवाली सेराइना पेले विसळता विसळता म्हणाली, "उंची माणसाची मोजतात रे, पायांची नाही. याखेन, तुझ्या मित्राला सांग, खुशाल जा. आणि दाढी करून जा म्हणावं."

"जायच्या आधी एकदा आपला डोंगर बघून घ्या," असं मामानं बाईंना म्हटलं. बाई लगेच हो म्हणाल्या. मी अक्रोडाचा केक करून दिला, त्यात मध जरा सढळ हातानं घातला. ऑक्टोबरच्या एका लख्ख सकाळी दोघं गाडीत बसले. मामाच्या नव्या टोपीला कडेला अजून किमतीची चिठ्ठी होती, ती मी फलाटावर ओढून काढली.

वरचं सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. झाडं संपली, दोन हजार ओलांडलं, पण हा नवी टोपी काढून नुसती फिरवत बसला. खिंड आली, तळं आलं, फलाटावर उंची लिहिलेली पाटीही गेली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि खूश होत्या. शेवटी आल्प ग्र्युमच्या गच्चीवर, हिमनदीसमोर, मामानं केकचा डबा उघडला आणि म्हणाला, "तू केक घेशील?"

बाईंनी मांडीवर रुमाल पसरला. मग म्हणाल्या, "घेईन. आधी तुम्ही घ्या, डेनोथसाहेब."

तेवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेला एक तरुण आला आणि बाईंना म्हणाला, "तू जरा सरकशील का?" "ये, बस ना," बाई हसून म्हणाल्या, "केक खाणार तू?" त्या उपटसुंभाला 'तू'! मामाच्या हातातला केकचा तुकडा हातातच राहिला. मला हे ऐकताना त्या पोराच्या पिशवीत दगड भरावेसे वाटले.

परतीच्या वाटेवर मामानं 'तुम्ही' पुन्हा गळ्याशी बटणं लावून घातलं. "तुम्हाला वारा लागतोय का? खिडकी लावू का?" एवढंच. आमचं स्टेशन लहान आहे, डब्यातलं बटण दाबलं नाही तर गाडी थांबत नाही. जन्म या खोऱ्यात गेलेला माणूस, पण त्या दिवशी तो बटण दाबायला विसरला. दाबलं ते बाईंनी.

मी पाव पोचवून फलाटावरच थांबले होते. बाल्त्सर दुधाच्या बरण्या घेऊन उभा होता, सेराइनाही काहीतरी निमित्त काढून आली होती. गाडी थांबली. मामा आधी उतरला, बाईंना हात दिला आणि खाली मान घालून चालायला लागला. मला वाटलं, संपलं.

"याखेन," मागून बाईंचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच. "तुझी टोपी माझ्याकडे राहिली."

बाल्त्सरच्या हातून बरणीचं झाकण पडलं. ते घरंगळत रुळांपर्यंत गेलं, कुणी उचललं नाही.

मामा वळला. "आपण... आपण खाली आलोय," तो म्हणाला. "सतराशेवर."

"मला माहीत आहे. भूगोल मीच शिकवायचे," बाई म्हणाल्या. "वर कुणीही कुणालाही तू म्हणतं. त्या पोरालाही मी म्हटलंच की. तुझ्यासाठी मला ते उंचीचं तू नको होतं. मला इथे म्हणायचं होतं, चार लोकांसमोर."

त्यांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, वाकडीच. मी मागून त्याला कोपरानं ढोसलं, कारण आमच्या घराण्यातली माणसं अशा वेळी ढोसावीच लागतात.

"थांब," मामा म्हणाला. "तू इथेच थांब, डोरोथे."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग धुराडं लवकर साफ कर. आणि लाकडं तू उचलायची." मग त्यांनी दोन बोटं पुढे केली आणि त्याच्या कोटाच्या बाहीला हळूच लावली.