वाजवून घेतलेली नखी

“नातवासाठी का, मावशी?” मिरजेतल्या वाद्यांच्या दुकानात, तारा छेडायच्या नख्यांचा डबा पुढे करत मालकांनी विचारलं.

“मलाच पायजे. आमच्या भजनी मंडळात मँडोलिन मीच वाजीवते,” जतहून आलेल्या त्या बाई म्हणाल्या. पदर खोचून त्यांनी दुकानातलं मँडोलिन मांडीवर घेतलं आणि एकेक नखी वाजवून बघायला लागल्या. दारात माणसं थांबली, तरी त्यांची मान डोलतच होती.

“ही लय पातळ हाय. तारंला नुसत्या गुदगुल्या करतीय.” दुसरी जाड निघाली. “ही तर भांडायलाच उठली!” तिसरीवर आवाज भरून आला, तेव्हा त्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू मँडोलिन त्यांनीच घडवलं होतं.

मी बाजूला उभी राहून नख्या नुसत्याच अंगठ्याने वाकवून बघत होते. शनिवारी कॉलेजच्या स्टेजवर मला मँडोलिन वाजवायचं होतं, आणि आजवर मी फक्त खोलीचं दार लावून वाजवलं होतं.

“दाबून आवाज कळतोय व्हय गं?” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. “लाजतीस कशाला? लोक ऐकत्यात आन जात्यात.”

त्यांचा तो तोरा मला फार आवडला. दारातली माणसं अजून तिथेच होती.

“मावशी,” मी म्हणाले, “ते मँडोलिन आता माझ्याकडे द्या.”