अर्धी सही

"पोरगी इंग्रजीत शिकायलीय अन् बापाचे हप्ते थकायलेत."

हे तो मला म्हणाला नव्हता. मोटरसायकलवर मागे बसलेल्या जोडीदाराला म्हणाला, हसत. मी दारात बसून बुटाची लेस बांधत होते. ऐकू आलं.

मी तेव्हा चौथीत. आमचं घर ताडकळसला, विहाराच्या मागच्या गल्लीत. वडील ताडकळस ते पूर्णा टमटम चालवायचे. टमटम फायनान्सवर घेतलेली. त्या वर्षी वडिलांना कावीळ झाली, दोन महिने अंथरुणात गेले. हप्ते चुकले. म्हणून फायनान्सचे हे दोघे वसुलीला आले होते.

वडील बनियनवर बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. त्याआधी त्यांचे हात जोडलेले मी फक्त विहारात पाहिले होते.

पुढच्याने खिशातून नोटीस काढली. वडिलांच्या हातात दिली आणि लगेच परत घेतली. माझ्याकडे बघितलं.

"कॉन्व्हेंटची हायस न्हवं? ये. वाच. तुझ्या बापाला कळू दे काय लिवलंय."

मी वाचायला लागले. मला शाळेतसुद्धा आवाज फुटायचा नाही.

"मोठ्यानं वाच. शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्याने वाचलं. वडिलांचं पूर्ण नाव. गावाचं नाव. मग एक शब्द आला, डिफॉल्टर. माझा उच्चार चुकला. त्याने तो दुरुस्त करून तीनदा म्हणून घेतला. बायका दारादारात आल्या होत्या. नळाला पाणी आलं होतं, तरी कुणी घागर उचलत नव्हतं.

"आता मराठीत सांग."

मला माहीत नव्हतं.

"बुडवा. म्हण, माझा बाप बुडवा हाय."

मी म्हटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना सांगायचा प्रश्न नव्हता. ते समोरच उभे होते.

निघताना दुसऱ्याने विहारावरच्या निळ्या झेंड्याकडे बघितलं. "फुकटची सवय लागलीय ह्यांना," म्हणाला. ह्यांना म्हणजे कुणाला, ते गल्लीत प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. चौथीत.

त्याच आठवड्यात टमटम ओढून नेली. कुठे विकली, कितीला विकली, कुणी सांगितलं नाही. वडील दुसऱ्याची टमटम चालवायला लागले. त्यानंतर त्यांनी मला कधीही काही मोठ्याने वाचायला सांगितलं नाही. माझं प्रगतिपुस्तक घ्यायचे, सही करायचे, घडी घालून परत द्यायचे. मी दहावीत असताना ते गेले.

मी शिकले. इंग्रजी चांगलं झालं, आवाज मात्र तेवढाच राहिला. आता रोज परभणीला जाऊन एका वकीलबाईंकडे टायपिंग करते. दिवसभर इतरांच्या नोटिसा टाइप करते. आई गावातल्या शाळेत खिचडी शिजवते.

मागच्या वर्षी फोन सुरू झाले. कंपनी वेगळी, कर्ज तेच. जुनी खाती आम्ही विकत घेतलीत, टमटम विकूनही बाकी निघते, म्हणाले. आधी मला फोन. मग आईला. मग थेट शाळेच्या मुख्याध्यापकांना. "तुमच्या शाळेत बुडव्याच्या घरची बाई स्वयंपाक करायलीय, माहीत हाय का?" मुख्याध्यापकांनी आईला सगळ्यांसमोर विचारलं. आई घरी आली. नुसती भांडी घासत राहिली, आधीच घासलेली.

आणि मी काय करत होते? मी फोनवर सॉरी म्हणत होते. इंग्रजीत. सॉरी सर. दर वेळी. एवढं इंग्रजी शिकून मला त्यांच्यासाठी तोच एक शब्द सुचायचा. याची लाज मला आजही वाटते.

शेवटी मी वकीलबाईंना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "दावा लावायची मुदत संपून किती वर्षं झाली. कोर्टातून आता त्यांना काही मिळत नाही. म्हणून ते सही मागतील. आईनं देणं मान्य आहे, फेडते, असं लिहून सही दिली की मेलेलं कर्ज उठून बसतं. आणि मग ते वडिलांचं राहत नाही, तिचं होतं."

मी आईला सांगितलं, कशावर सही करू नकोस. ती हो म्हणाली. पण सहीचं तिचं वेगळंच आहे.

आईला सही मी शिकवली. दुसरीत असताना, माझ्या पाटीवर. त्याआधी ती रेशनच्या दुकानात अंगठा द्यायची आणि घरी येईपर्यंत शाई पदराला पुसत राहायची. सही आल्यावर तिने स्वतःचा पेन घेतला. तो ती डाळीच्या डब्यामागे ठेवते, दुसऱ्या कुणाला देत नाही. शाळेचं धान्याचं रजिस्टर असो की विहाराची वर्गणीची वही, सही म्हटलं की ती आधी हात धुते.

मग एका रविवारी मी घरामागे कपडे वाळत घालत होते. विहारातली बुद्धवंदना नुकतीच सुटली होती. पुढच्या अंगणातून गोड आवाज आला.

"मावशी, कर्जमाफीचा फॉर्म हाय. एवढं करा, फोन कायमचे बंद. अंगठा घ्यू का? प्याड आणलंय मी."

"अंगठा कशाला? सही येती मला."

बाकी काही म्हटलं असतं तर आई थांबली असती. त्याने अंगठा म्हटलं.

मी ओला टॉवेल हातात घेऊनच पुढे आले. आई खाली बसली होती. मांडीवर पाट, पाटावर कागद. सुमन लिहायचं होतं. सु आणि म झाले होते.

मी तिच्या हाताखालून कागद ओढला. पेनाची रेघ कागदभर गेली.

माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल तो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "ताई, हापिसचा फॉर्म हाय तो. तुमाला काय कळणार त्यातलं," म्हणाला.

मी वाचलं. बारीक इंग्रजी. तिसऱ्या परिच्छेदात सगळं होतं. हे देणं मी मान्य करते. ते मी स्वतः फेडीन. माफी हा शब्द आख्ख्या कागदावर नव्हता.

मी कागदाचा फोटो काढला. मग त्याच्या ओळखपत्राचा. तो हसायचा थांबला.

"बापाचं देणं बुडवून घास कसा गिळता हो तुमी लोक?"

तुमी लोक. पांढऱ्या साडीतल्या बायका विहाराकडून येतच होत्या. शेजारच्या गयाकाकू थांबल्या. "काय झालं गं?"

मी गल्लीत कधी कुणाला हाक मारलेली नाही. त्या दिवशी मारली. "काकू, इकडं या. सगळ्याजणी या."

त्या आल्या. त्याच्या मोटरसायकलभोवती उभ्या राहिल्या. कुणी त्याला हात लावला नाही. कुणी जागाही दिली नाही. त्याच्या कानामागून घाम निघाला आणि कॉलरमध्ये गेला. ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

चौथीतले ते नोटीसवाले दोघे मला पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांची मी चौदा वर्षं वाट बघितली होती. हा भेटला. मला चाललं.

तक्रारीचा मजकूर माझ्या डोक्यात तेव्हाच तयार झाला. पोलिसांना, कंपनीला, बँकांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला. तो मी टाइप करणार होते. त्यांनी उत्तर दिलं नाही तर पुन्हा करणार होते. ते सगळं सोमवारी.

आई उठून माझ्या बाजूला उभी राहिली. पेनाला टोपण लावलं आणि पेन मुठीत धरला.

त्याने कागदासाठी हात पुढे केला. मी दिला. त्याने घडी घालायला घेतली, तशी मी त्याच्या वाटेत उभी राहिले.

"घडी नका घालू. वाचा."

त्याने कागदाकडे बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

"मला इंग्रजी एवढं..." तो पुटपुटला.

मला माहीत होतं आवाज कुठे अडकतो ते. चौथीतल्या पोरीचा जिथे अडकला होता, बरोबर तिथेच.

मी म्हणाले, "मोठ्यानं वाचा. शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."