पाळणाघराचा परवाना आणि आमची भावकी

पाळणाघर काढायला मुलं सगळ्यात शेवटी लागतात. आधी लागतो आग विझवायचा सिलिंडर.

हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी बदलापूरची नोकरी सोडली नसती. तिथल्या एका नर्सरीत मी कित्येक वर्षं लोकांच्या मुलांची नाकं पुसत होते. पगार असा की स्वतःला सर्दी झाली तर परवडू नये! माझं सासर पोशीरचं. नवरा, प्रमोद, खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. घरात तो, मी आणि सासूबाई. पुढची पडवी आणि मोठी खोली रिकामीच असते. आणि तिकडे शेलूला नव्या इमारती उभ्या राहिलेल्या, प्रत्येक मजल्यावर नवराबायको दोघंही मुंबईला कामाला, आणि मूल कुणाकडे ठेवायचं हा घरोघरी एकच प्रश्न.

त्यातलीच एक अनघा. नर्सरीत चौकशीला आली होती. तिची दोन वर्षांची मीरा, माहेर अकोल्याला, आणि ऑफिसवाल्यांनी घरून काम करणं बंद करून टाकलेलं.

"ताई, ही नर्सरी दुपारीच सुटते. मला संध्याकाळपर्यंत ठेवणारं कुणीतरी हवंय. नाहीतर नोकरी सोडावी लागेल."

"मीच काढते की पाळणाघर," मी म्हणाले. (काही वाक्यं तोंडातून निघायच्या आधी माणसाला ठसका का लागत नाही?)

"काढा ना! मीरा पहिली. माझ्या इमारतीतल्या अजून तिघीजणी येतील. स्कूटरवर आणून सोडू."

मला खरंच आनंद झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी माझं होणार होतं. माझं काम, माझी कमाई, माझ्या नावाची पाटी. प्रमोद म्हणाला, "अगं, आधी चार मुलं ठेव, मग बघू कागदाचं." पण मी पडले शिकलेली! "नाही, सगळं कायद्यानं करायचं," असं सांगून मी कर्जतला सरकारी कार्यालयात गेले आणि परवान्याला काय काय लागतं ते ऐकून आले. विहिरीवर जाळी. मुलांच्या उंचीचा संडास. पाण्याची तपासणी. कॅमेरे. प्रथमोपचाराची पेटी. मदतनिसाचं तब्येतीचं सर्टिफिकेट आणि पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी.

मदतनीस म्हणजे सासूबाई.

"माझं चारित्र्य?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "या वयात?"

"आई, सगळ्यांचंच बघतात. माझंपण बघणार आहेत."

"तुझं बघू दे. तुझं मलाबी बघायचं हाय!"

पण पोलीस ठाण्यातून परत आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, "सायबानी खुर्ची दिली गं बसायला. या घरात जन्म गेला माझा, मला कधी कोण बस म्हटलं नाय." यावर मी हसले. आता हसू येत नाही.

मग गवंडी आला. मुलांच्या उंचीचा संडास बांधायचा म्हटल्यावर तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. "वहिनी, एवढ्या खाली? मंग गुडघे कुठं ठेवायचे?" मुलांसाठी आहे म्हटलं तर म्हणाला, मुलं परसात बसतात, त्यांना कशाला बांधताय! बांधून झाल्यावर प्रमोदने तो वापरून बघितला आणि त्याला उठवायला मला आणि सासूबाईंना, दोघींना जावं लागलं.

सिलिंडर आला त्याच आठवड्यात सासूबाईंनी तो पेटत्या चुलीवर मारून पाहिला. मी अंगणातून धावत आले तर स्वयंपाकघरात पांढरा धुरळा, तव्यावर पांढरी भाकरी, चुलीपुढे पांढऱ्या सासूबाई!

"आई, हे काय केलंत?"

"इकत घेतलेली वस्तू हाय. फसवलं असंल तर?"

"आतलं सगळं संपलं ना!"

"पन इजली बग! चांगला हाय, ठेव."

तो परत भरून आणला. इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "जागा कोणाच्या नावावर आहे?"

जागा आजेसासऱ्यांच्या नावावर. ते मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले. उताऱ्यावर मात्र अजून तेच घरमालक. वारसांची नावं लावायला आमच्याकडे कुणाला वेळ मिळालेला नाही, कारण सगळे एकमेकांशी भांडण्यात गुंतलेले. "मग सगळ्या वारसांची संमती आणा," बाई म्हणाल्या.

सगळे वारस म्हणजे भावकी. एकाच आजोबांची ही मुलं-नातवंडं वर्षभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघतात आणि लग्नात एका पंगतीला बसून एकमेकांना आग्रह करतात. त्यांच्याकडून सही हवी तर जेवण घालावंच लागतं. मी घातलं. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं. भावकीतले थोरले म्हणजे बाळूकाका, माझे चुलत सासरे. त्यांनी तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि मग बोलले.

"आमचं काय नाय गं. पन सरकारी कागूद हाय. आमच्या पोराबाळांचं उद्या काय?"

आता अशा वेळी आपल्यात काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. पाहुण्याला जसं "घर तुमचंच आहे" म्हणतो, तसं. म्हणून कुणी बिछाना घेऊन राहायला येत नाही!

"असं काय बोलता काका," मी भाकरी वाढत म्हणाले. "तुमची मुलं ती माझीच मुलं."

बाळूकाकांचा घास हातात थांबला. "माझीच म्हनलीस ना?"

"मग काय! माझीच."

"आइकलं ना रं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. हात धुऊन एकेकाने पटापट सह्या केल्या. ज्यांनी कधी एकमेकांच्या वासराला पाणी दाखवलं नाही त्यांनी एकमेकांना पेन दिलं! मी प्रमोदला म्हणाले, "बघ, गोड बोललं की भावकीसुद्धा विरघळते." तो नुसता हसला. तो या घरात जन्मलेला आहे. त्याने तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी सरकारी कार्यालयातून मॅडम आल्या. अनघाही अर्धी रजा टाकून मीराला घेऊन आली होती, जागा पक्की करायला. पडवीत बसून तिने मीराला भिंतीवरचा रंगवलेला हत्ती दाखवला. मीरा त्या हत्तीला हात लावून आली आणि पुन्हा हात लावायला गेली. तिला आवडलं होतं माझं पाळणाघर. मॅडमनाही आवडलं. जाळी, कॅमेरे, पाणी, सगळं पास. छोट्या संडासाचं तर त्यांनी कौतुक केलं. मग खोली मोजून म्हणाल्या, "या जागेत पंधरा मुलं. वर एकही नाही. सध्या किती आहेत?"

"चार येणार आहेत," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि फाटकाशी गलका झाला.

पुढे बाळूकाका. मागे भावकीचं यच्चयावत पोर! डोक्याला तेल, गालांना पावडर, अंगात लग्नातले कपडे. एकाने शेरवानी घातलेली. एकाला चक्क मिसरूड फुटलेलं.

"काका, हे काय?"

"घाबरू नको गं," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "पट कमी दिसला का सायेब लोक बंद करत्यात. आमी हाय ना!"

शाळेत तपासणी आली की वर्ग भरलेला दिसावा म्हणून घरोघरची पोरं गोळा करून बसवायची, ही त्यांची जुनी सेवा. पाळणाघर म्हणजे लहान शाळाच, असं त्यांनी धरलं. आणि त्यात वाईट काही नव्हतं हो! ते बिचारे मला वाचवायला आले होते. मला बुडवण्यासाठी एवढं तेल त्यांनी खर्च केलं नसतं.

मॅडमनी विचारलं, "ही सगळी तुमच्याकडे असतात?"

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण समोर भावकी उभी, तिच्या सह्यांचे कागद मॅडमच्या हातात, आणि अनघा माझ्या तोंडाकडे बघतेय.

"तिचीच पोरं हायत म्हॅडम," बाळूकाका म्हणाले. "तिनंच सांगितलंय, भर पंगतीत."

"हो, मॅडम," मी म्हणाले. मी! शिकलेली, कायद्याने चालणारी!

मॅडमनी वयं विचारून मोठ्यांना बाजूला काढलं. (मिसरूडवाला फार नाराज झाला.) उरलेल्यांतली पहिली पंधरा नावं लिहून घेतली आणि म्हणाल्या, "झालं. तुमची क्षमता पूर्ण."

"आणि मीरा?" अनघाने विचारलं.

"जागा नाही. एक जरी मूल जास्त दिसलं तर परवाना रद्द होईल."

अनघा उठली. मीराला हत्तीपासून ओढून न्यावं लागलं.

मला वाटलं, नाटक होतं ते झालं. उद्यापासून पोरं आपापल्या घरी, मग रिकाम्या जागी मीराचं नाव घालू. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधराही जण हजर! बाळूकाका नातवाला कडेवरून उतरवत होते.

"काका, रोज आणणार?"

"नावं लागलीत ना गं सरकारात? न आनून कसं चालंल?"

"मग डबे?"

"डबे कशाला? चूल हाय की तुझी."

मी मन घट्ट केलं. "आणि फी, काका?"

ते दुखावले. खरोखर दुखावले. "आईनं पोरांकडनं फी घेतलेली कुठं बघितलीस तू? नको असतील तर तसं सांग. आमी सह्या मागं घेतो."

प्रमोदला म्हटलं, तू तरी बोल. तो म्हणाला, "तुझ्या शब्दावर त्यांनी सह्या केल्या, मी काय बोलू?" आणि पाळीला निघून गेला. त्याची पाळी इतक्या वेळेवर सुरू झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

अनघाने नोकरी सोडली. फोनवर म्हणाली, "ताई, मी रागावले नाहीये." रागावली असती तर बरं झालं असतं. मी निदान भांडले असते, रडले असते. आता ती घरीच असते. तिच्या इमारतीतल्या त्या तिघीजणी आपली मुलं तिच्याकडे ठेवून कामावर जातात. परवाना नाही, सिलिंडर नाही, संडास मोठ्यांचाच. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला येतात!

इकडे परवाना चौकट करून पडवीत लावलाय. बाळूकाकांनी त्याला हार घातला. सासूबाई कडेवर एक आणि पदराला दोन लोंबकळणारी पोरं घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"नशीबवान हायस गं," त्या म्हणाल्या. "आमीबी भावकीची पोरं अशीच सांभाळली. आमाला कुनी कागूद दिला नाय."

खरं आहे. भावकीची पोरं फुकट सांभाळणाऱ्या सुना गावात घरोघरी आहेत. शासनमान्य तेवढी मी एकटी!