तुकिनेमने मुसळ उचललं

तुकिनेम मावशीच्या तोंडी लागायचं नाही, हे आमच्या डोंगरावरच्या वाडीत लहानथोर जाणून होते. पस्तीस वर्षं ती झऱ्यावर सोयाबीन धुते, आंबवून त्याच्या वड्या, म्हणजे टेंपे, घालते. तिच्याशी घासाघीस करायची तर आधी पोटभर जेवून जावं.

आमचा डोंगर म्हणजे ज्वालामुखी, त्याला आम्ही आजोबा म्हणतो. तो 'फुटणार' असं कुणी म्हणत नाही. "आजोबांच्या घरी कार्य आहे," म्हणायचं. गेल्या साली झऱ्याचं पाणी कोमट लागलं, तर मावशीने तो शब्द सरळ उच्चारला आणि सगळ्यांना खाली नेलं. आजोबा ढिम्म! दहा दिवसांनी परतलो तर शेतात कोबी सडलेला. तेव्हापासून मी तिला 'आजोबांची सेक्रेटरी' म्हणून चिडवायचो.

यंदा सरपंच वागिमानच्या मुलीचं लग्न. मांडव उभा राहिला, बकरे आले. आदल्या दिवशी सकाळी मावशी ओल्या हातांनी मांडवात शिरली.

"वागिमान, पाणी परत तापलंय. गेल्या वेळेपेक्षा जास्त. झराही निम्म्यावर आलाय. वाडी खाली ने."

"मावशी, सरकारचा हुकूम नाही आला. शुभकार्य आहे, अभद्र बोलू नकोस."

"कार्य तुझ्या घरी. डोंगर फुटणार आहे! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?"

मांडवभर हशा पिकला. मीही हसलो, त्याची लाज वाटते आज.

"हसा! पण खाली जाऊन हसा." तिने तांदूळ कांडायचं मुसळ उचललं आणि वाडीला सावध करायला टांगलेला पोकळ ओंडका बडवायला लागली. तो सरपंचाच्या हुकमाशिवाय वाजवायचा नसतो. वागिमान तिला धरायला धावला.

"पुढे ये, बघच! आधी तुझ्या पाठीत बसेल."

हाताला फोड आले, तरी थांबेना. शेवटी नवरीच उठली. झऱ्यावर गेली, पाण्यात हात घालून आली आणि आपल्या आईला म्हणाली, "आई, चल."

मग कोण थांबतंय? नवरीच्या मागून आख्खी वाडी उतरली. वागिमान सगळ्यात शेवटी, तोंड पाडून.

संध्याकाळी तापलेल्या राखेचा लोट उतरला. घरं गेली, मांडव गेला. माणूस एकही गेलं नाही.

खालच्या शाळेत वागिमान तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "मावशी, चुकलो. माफ कर."

"माफी ठेव तुझ्याकडेच. पुढच्या वेळी मी खोटी ठरले, तरी त्याच्या पुढच्या वेळी खाली यायचं. बोल, कबूल?"

वागिमानच्या आधी मीच म्हणालो, "कबूल."