भावोजींचे मैल

आमच्या भावोजींना सगळी वस्ती ‘मैलोबा’ म्हणायची आणि त्यांना त्याचा राग यायच्या ऐवजी अभिमान वाटायचा. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खोक्यांवरची आणि पुड्यांवरची चित्रं छापणारी मोठमोठी यंत्रं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा त्यांचा उद्योग. यंत्र कुठल्या मुलखात आणि कधी बंद पडेल याचा नेम नसे, त्यामुळे कंपनी त्यांना सारखी विमानात घालून कुठे ना कुठे पाठवायची. तिकीट कंपनीचं, पण प्रवासाचे मैल मात्र भावोजींच्या खात्यात. हे मैल साठले की त्यांच्या बदल्यात फुकट तिकीट मिळतं, एवढंच आपल्यासारख्यांना माहीत. भावोजींनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं.

कुठल्या महिन्यात कुठे जायला कमी मैल लागतात, एका कंपनीचे मैल दुसऱ्या कंपनीच्या विमानात कसे चालवायचे, वर्षभर आधी जागा कधी खुल्या होतात आणि उरल्यासुरल्या शेवटच्या आठवड्यात कधी सोडतात, हे त्यांना तोंडपाठ. मैल देऊन सूटकेस नाहीतर मिक्सर घेणाऱ्यांची तर ते कीव करायचे. म्हणायचे, “अरे, सोनं देऊन भंगार घेतलंस!” शेजारच्या दंतवैद्यांनी त्यांच्या सल्ल्याने सहकुटुंब समुद्रापलीकडे सहल केली आणि येताना भावोजींना टोपी आणली. ती घालून ते महिनाभर मिरवत होते. गंमत अशी की स्वतःचे मैल त्यांनी कधी वापरलेच नाहीत.

ताई अधूनमधून म्हणायची, “अहो, एकदा मला तुमच्या शेजारी बसवा ना विमानात.”

“बसवणार तर! आणि साधंसुधं नाही, पुढच्या वर्गात, खिडकीशी. पण आत्ता रेट बरोबर नाही. थांब जरा.”

ताई थांबायची. भावोजी प्रवासाहून आले की त्यांचे कपडे धुवायला टाकायची आणि शर्टाचं डाव्या बाहीचं बटण शिवत बसायची. ते बटण दर खेपेला लोंबत आलेलं असे, कधी नसेच. ती ते जाड, मेणाच्या दोऱ्याने शिवायची. असल्या दोऱ्याने चांभार चप्पल शिवतात.

“शर्ट शिवतेस की पोतं?” मी एकदा विचारलं.

“टिकायला नको का?” ती म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.

मग एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. विमानाची पायरीसुद्धा न चढता गेली. तेराव्या दिवसापर्यंत मी भावोजींशी धड बोलले नाही आणि पुढेही कामापुरतंच बोलले. माझ्या तोंडाला फाटक नाही असं लोक म्हणतात, पण या एका बाबतीत मी ते बंद ठेवलं होतं. उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची मलाच खात्री नव्हती.

ताईची एकुलती एक मुलगी बिट्टी. ती शिकायला म्हणून परदेशी गेली आणि तिथल्या एका ग्रंथालयात नोकरीला लागली. एके दिवशी सकाळी मी दूध तापवत असताना तिचा फोन आला.

“मावशी, माझ्या हृदयाची झडप खराब झालीय. बदलावी लागणार. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.”

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, “तू घाबरू नकोस गं,” आणि स्वतःच रडायला लागली. “मावशी, मला फार भीती वाटतेय. तू आणि बाबा या ना. मी आत जायच्या आधी या.”

दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. लहानपणी पायरीवरून पडून ढोपर फुटलं तरी न रडणारी ही पोर. तिच्या तोंडून ‘भीती’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. गॅस बंद केला आणि तशीच भावोजींच्या घरी धावले. व्हिसा दोघांनीही मागेच काढून ठेवला होता. तिच्याकडे एकदा जायचंच, असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी रेट आडवा यायचा.

भावोजींना तिने आधीच सांगितलं होतं. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते, चेहरा राखेसारखा.

“जागा बघतोय,” ते म्हणाले. “सरळ विमानाला दुपटीतिपटीने मैल मागतायत. दोन दिवस थांबलो तर सोडतील बहुतेक...”

इतके दिवस बंद ठेवलेलं फाटक तेव्हा उघडलं. “थांबा! थांबाच तुम्ही! ताईला थांबवलंत, ती थांबली ती थांबलीच. आता पोरीलाही थांबवा. यमाला सांगा, रेट बरोबर नाही म्हणून!”

भावोजींनी वर पाहिलं नाही, नुसते माउस हलवत राहिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला की दोन जागा मिळाल्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोहोचतो.

पण भावोजींनी काढलेलं तिकीट सरळ कसं असेल? ते आमच्या शहरातून नव्हतंच. बसने पाच-सहा तासांवरच्या एका छोट्या गावी जायचं, तिथून विमानाने परत आमच्याच शहराच्या विमानतळावर उतरायचं आणि मग मोठ्या विमानात बसायचं.

“म्हणजे घरातून निघून, वळसा घालून, पुन्हा घरापाशीच यायचं?” मी म्हटलं.

“तिथून सुरुवात केली की निम्म्या मैलांत होतं. आणि जागाही तिथूनच आहेत.” एवढ्या काळजीतही त्यांच्या आवाजात किंचित ऐट होती. “फक्त एक लक्षात ठेव. पहिला टप्पा चुकवायचा नाही. लोकांना वाटतं, कशाला तिकडे जा, मधूनच चढू. तसं केलं की पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द. भलेभले इथे फसतात.”

त्या गावचा विमानतळ म्हणजे एक हॉल, चहाचं यंत्र आणि काचेचं दार. माझा हा पहिलाच विमानप्रवास. भावोजी सोबत आहेत एवढाच धीर. या माणसाचं आयुष्य आकाशात गेलंय, आपण त्यांच्या मागून चालायचं.

काचेपलीकडे आमचं विमान उभं होतं. लहानसं, पंखांना पंखे लावलेलं. भावोजी ते बघतच राहिले.

“हे नव्हतं,” ते पुटपुटले. “बदललंय. तिकिटात दुसरं होतं.”

“बरं मग? उडतं ना हे?”

ते बाकावर बसले. आमचं विमान पुकारलं, लोक रांगेत गेले, रांग संपली, तरी ते बसलेलेच.

“तू पुढे हो,” ते म्हणाले. “मी बसने येतो. तिकडे मोठ्या विमानाला गाठतो तुला.”

मला वाटलं, थट्टा करतायत. “अहो, तुम्हीच सांगितलंत ना, पुढचं सगळं रद्द होतं म्हणून?”

“माहितीय मला.”

“मग?”

“मला नाही चढता येणार.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी वाकून ऐकलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. काही दुखतंय का, छातीत कळ येतेय का, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. “भीती वाटते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. प्रत्येक वेळी.”

काचेच्या दारापाशी गणवेशातली मुलगी आमच्याकडे बघत घड्याळ दाखवत होती. ज्याच्या जिवावर मी निघाले तोच असा. एकटीने जायचं म्हणजे ते अगडबंब विमानतळ, परकी भाषा, परकं इस्पितळ. त्यात उद्या परवा बिट्टीची छाती उघडणार आणि तिच्या उशाशी बाप नाही. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“भावोजी, मीही घाबरलेय. माझ्या तोंडाला कोरड पडलीय. पण पोर तिकडे आपली वाट बघत पडलीय. उठा. उठा म्हणते ना!”

ते उठले. कसे उठले ते त्यांचं त्यांना ठाऊक. दारापर्यंत मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं आणि पायऱ्यांवर मागून ढकललं. त्या मुलीला वाटलं असेल, ही बाई नवऱ्याचं अपहरण करतेय.

विमान सुटलं तसं सगळं खडखडायला लागलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले, तर शेजारून वेगळाच जप ऐकू आला.

“फीडर... कागद उचलला... पाण्याचे रोलर... शाईचे रोलर... प्लेट... सिलिंडर... पुढचा रंग... डिलिव्हरी.” मग पुन्हा फीडर. भावोजी मिटल्या डोळ्यांनी त्यांचं छपाईचं यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणत होते आणि उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण पिळत होते. पिळत होते, ओढत होते, सोडत होते.

ढगांतून वर आल्यावर खडखडाट जरा कमी झाला. “कागद आत गेला की बाहेर येतोच,” ते डोळे न उघडता म्हणाले. “माझ्या यंत्रातून कधी आला नाही असं झालं नाही. तेवढं घोकत बसायचं. उतरेपर्यंत.”

“आणि ताईला म्हणून नेलं नाहीत?”

त्यांची बोटं बटणावर थांबली. “तिच्या शेजारी मी असा दिसलो असतो. तिला वाटायचं, आपला नवरा म्हणजे... एवढ्या भीतीने कमावलेले मैल आहेत गं ते. वाटायचं, एकदाच वापरू, पण असे वापरू की सगळं वसूल होईल. आणि तोवर माझी भीती जाईल.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. माझी बहीण त्यांच्या लाजेपायी घरात बसून राहिली, एवढंच मला दिसत होतं. पण त्यांचं मनगट मी सोडलं नाही. मोठ्या विमानातही नाही.

बिट्टी इस्पितळाच्या खाटेवर एवढीशी दिसत होती. आम्हाला बघून हसली, पण हात बर्फासारखे गार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला माणसं आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी खाटेचे गज धरले.

“बाबा, मला नाही जायचं. बाबा, मी उठलेच नाही तर?”

मी तोंड फिरवलं. भावोजी मात्र वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“मी विमानात बसलो की मलाही असंच वाटतं. दर वेळी. कुणाला सांगितलं नाही कधी.”

बिट्टी त्यांच्याकडे बघत राहिली. “तुला? विमानात?”

“मला. आता मी करतो तसं कर. यंत्र आठवतंय? लहानपणी दाखवलेलं? कुठून सुरू होतं?”

“फीडर,” ती म्हणाली.

“मग?”

“कागद उचलतो. पाण्याचे रोलर...” तिची बोटं गजावरून सुटली. चाकांची खाट बोळातून निघाली आणि भावोजी दारापर्यंत तिच्यासोबत म्हणत गेले. दार बंद झालं तेव्हा दोघं शाईच्या रोलरपाशी होते.

मग ते वाट पाहणं. मी अनेक वाईट वेळा काढल्यात, पण तशी नाही. कुणी दार उघडलं की काळजात धस्स व्हायचं, आणि कुणी उघडलं नाही की त्याहून. मीही मनात फीडर, पाण्याचे रोलर म्हणायला लागले होते. मला पुढचं नीट येत नव्हतं, सारखी प्लेटपाशी अडकत होते.

भावोजींच्या बाहीचं बटण तटकन तुटलं आणि खुर्च्यांखाली गेलं. ते गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. सापडल्यावर मी ते हातात घेतलं. बारीक पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा त्याला चिकटला होता.

“कुणी शिवलं?”

“मीच. टिकतच नाही. हिचं निदान उतरेपर्यंत तरी कसं टिकायचं कोण जाणे. तिच्याकडे एकच दोरा होता वाटतं, तो चांभाराचा.”

मी त्या बटणाकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ताई आली. मांडीवर शर्ट, दातात दोरा. एक चांगलं बटण दर प्रवासाला तुटून येतं. दर प्रवासाला, डाव्याच बाहीचं.

“तिच्याकडे डबाभर दोरे होते, भावोजी,” मी म्हटलं. “जाड दोरा ती मुद्दाम बाजारातून आणायची. तुम्हाला ओढायला टिकावा म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजायला वेळ लागला. मग चेहरा असा झाला की मला बघवेना, पण मी थांबले नाही. मी थांबणाऱ्यांतली नाही.

“आणि तिने पुढचा वर्ग कधी मागितला नव्हता. खिडकीही नाही. ते तुम्हीच म्हणायचात. ती म्हणायची, तुमच्या शेजारी बसवा.”

भावोजी बिनबटणाची बाही मुठीत धरून बसून राहिले.

दार उघडलं. शल्यविशारद बाई मास्क खाली करत आल्या आणि म्हणाल्या, झडप नीट चालतेय, थोड्या वेळाने एकाला आत जाता येईल. मी भिंतीला टेकून मोठ्याने रडले. माझ्या हातातलं बटण मुठीत रुतलं होतं.

आत भावोजींना पाठवलं. काचेतून मला दिसत होतं. नळ्या, यंत्रं आणि त्यात बिट्टीचा मिटलेला चेहरा. परिचारिकेने त्यांना पायाशी उभं राहायला सांगितलं असावं, कारण ते आधी तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि तिच्या अगदी शेजारी नेऊन ठेवली.