थुंकीतली वंशावळ

भिलाईत राहणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते शेजारी राहायला येतात. आमची स्मृति नगरातली गल्लीच बघा. डावीकडे मिश्राजी, बलियाचे. समोर थॉमस, कोट्टायमचा. कोपऱ्यावर साहू, तो इथलाच. आणि मी मेश्राम, भंडाऱ्याकडचा. चौघंही स्टील प्लांटातून रिटायर, चौघांनाही शुगर, आणि सकाळी फिरून आल्यावर चौघंही बागेतल्या एकाच बाकावर. बाक तिघांचा आहे. त्यामुळे एक जण कायम उभा असतो आणि तोच जास्त बोलतो. तीस वर्षांत इतकं काही साचलंय की कुठून सुरुवात करावी कळत नाही. पण पल्लवीच्या नळ्यांमुळे जे झालं, ते आधी सांगून टाकतो.

पल्लवी माझी मुलगी. हैदराबादला एका लॅबमध्ये काम करते. थुंकीवरून माणसाचे पूर्वज कुठकुठून आले ते शोधायचं, असं तिचं शास्त्र. दिवाळीत आली ती नळ्या घेऊनच. चार आम्हा बाकवाल्यांच्या, एक तिच्या आईची, एक जास्तीची.

सुनंदा म्हणाली, "मी कावून? मी काय बाकावर बसून राहिली का?"

पल्लवी म्हणाली, "बाबांचं कळलं म्हणजे तुझं कळलं, असं नसतं आई."

हे वाक्य सुनंदाला एवढं आवडलं की तिनं सगळ्यात आधी नळी भरून दिली.

*

नियम एकच होता. थुंकायच्या आधी अर्धा तास तोंड रिकामं पाहिजे.

मिश्राजी कोक ओव्हनचे फोरमन होते. त्यांच्या तोंडात पान नाही असा अर्धा तास त्यांच्या सर्व्हिसमध्ये आला नव्हता, रिटायर झाल्यावर तर सोडाच. त्यांनी "हाँ हाँ, आधा घंटा हो गया" म्हणत नळी भरून दिली. पल्लवीनं ती उजेडात धरली.

"अंकल, इसमें आप कम हैं, कत्था ज़्यादा है."

मग त्यांना आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसवलं आणि पानाचा डबा थॉमसच्या ताब्यात दिला. त्या अर्ध्या तासात मिश्राजींनी आपलं कुळ थेट ऋषींपर्यंत नेऊन भिडवलं. मध्ये कुणाचीही भेसळ नाही, ही त्यांची गॅरंटी. "जाँच करवा लीजिए," ते म्हणाले.

"वही तो कर रहे हैं," पल्लवी म्हणाली, आणि जास्तीची नळी त्यांच्या हातात दिली.

*

थॉमस युनियनचा माणूस. न वाचता त्यानं आयुष्यात कशावर सही केली नाही. स्वतःच्या लग्नाच्या रजिस्टरवर सुद्धा त्यानं एक स्पेलिंग सुधारूनच सही केली होती, असं त्याची बायको सांगते. पल्लवीच्या संमतीपत्राची तीन पानं तो घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी हरकतींची यादी घेऊन आला. पहिली हरकत: काम झाल्यावर उरलेली थुंकी परत मिळणार का?

दोन महिन्यांनी रिपोर्ट आले. थॉमसच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की त्यांचे पूर्वज समुद्रापलीकडून जहाजातून आले. त्याचं नाक तो याचा पुरावा म्हणून दाखवत असे, तेही बाजूनं. रिपोर्टात जहाज काही सापडलं नाही. तो जवळजवळ सगळाच्या सगळा दक्षिणेतला निघाला, शेजारपाजारच्या गावांतल्या कुणाहीसारखा.

थॉमसनं रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून पल्लवीला फोन लावला.

"बेटा, इसका अपील किधर होता है?"

*

आता माझं सांगतो. लपवून काय करू.

आम्ही बुद्धविहारात वाढलेली माणसं. लहानपणापासून माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का होता की आम्ही इथले मूळचे आणि मिश्राजींसारखे लोक बाहेरून आलेले. बाकावर वाद झाला आणि मी हरायला लागलो की हे वाक्य मी काढायचो. मिश्राजी चूप व्हायचे. फार उपयोगाचं वाक्य होतं.

पल्लवीनं माझा रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. इथले जुने शिकारी लोक माझ्यात होते. पश्चिमेकडून आलेले लोकही होते. आणि उत्तरेकडच्या गवताळ मैदानातून गुरं हाकत आलेल्यांचाही एक वाटा होता. मिश्राजींमध्ये नंतर निघाला त्याच्याहून थोडासाच कमी.

"चूक असंन," मी म्हटलं.

"चूक नाही बाबा. सगळ्यांमध्येच हे सगळं आहे. प्रमाण फक्त कमी-जास्त."

"मले नाही पायजे ते. काढून टाक."

आतून सुनंदा बोलली, "आलं त आलं. एवढे दिवस दुसऱ्याले बाहेरचे बाहेरचे म्हणून राहिले होते. आता तुमी बी थोडे बाहेरचे. जेवायले या."

त्या दिवशी मी धड जेवलो नाही. हसू नका. साठी उलटल्यावर वाद जिंकायचं हुकमी वाक्य हातातून गेलं की माणसाला लागतं.

*

साहू आधी नळी हातातच घेत नव्हता. "मोर का जाँच करबे बेटी? मैं त इहेंच के आंव," म्हणाला. मी इथलाच आहे, माझं काय तपासणार? आणि ते खरंच होतं. जिथं आज प्लांटातल्या मिलची शेड आहे तिथं त्याच्या बापाचं शेत होतं. त्याच शेडमध्ये साहूनं पस्तीस वर्षं नोकरी केली. एकदा ड्युटीवर असताना त्यानं मला क्रेनखालची जागा दाखवली होती. "एकर खाल्हे हमर महुआ रिहिस." याच्या खाली आमचं मोहाचं झाड होतं. एवढंच बोलून तो कामाला लागला होता.

पल्लवीनं गळ घातली म्हणून त्यानं थुंकी दिली. आमचे सगळ्यांचे रिपोर्ट आले, साहूचा मागं राहिला. शेवटी आला तेव्हा पल्लवीला तो सांगताना लाज वाटत होती. तपासणाऱ्या कंपनीकडे तुलना करायला या भागातल्या लोकांचे नमुनेच पुरेसे नव्हते. म्हणून खाली लिहिलं होतं: निश्चित स्थान सांगता येत नाही.

बाकावरचा कोट्टायमचा माणूस सापडला होता, भंडाऱ्याचाही सापडला होता.

साहूनं कागद लांब धरून वाचला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, थॉमसनं पाठ थोपटली.

"सबके पता मिलगे," तो म्हणाला, "अउ जेन इहें के आय, तेकरे पता नइ मिलिस." सगळ्यांचा पत्ता लागला, आणि जो इथलाच, त्याचाच लागला नाही.

कागद त्यानं लॅमिनेट करून घेतला. सध्या तो त्यांच्या टीव्हीच्या वर आहे, नातवाच्या मेडलच्या बाजूला.

*

मिश्राजींनी आपला रिपोर्ट उघडलाच नव्हता. पल्लवी संक्रांतीला आली तेव्हा ते बंद लिफाफा घेऊन आले. "बिटिया, तू ही पढ़ दे. धीरे पढ़ना."

पल्लवी वाचत गेली. आईकडून येणाऱ्या वंशापाशी ती थांबली, उठली, आणि सुनंदाचा कागद काढून आणला. दोन्ही शेजारी ठेवले. सारखेच होते.

तिनं समजावून सांगितलं. आईची आई, तिची आई, असं मागं मागं जात राहिलं तर हजारो वर्षांपूर्वी कुठंतरी एक बाई आहे. तिच्या एका मुलीची वेल मिश्राजींच्या आईपर्यंत आली, दुसरीची सुनंदापर्यंत.

मिश्राजींनी लिफाफ्यात कागद नव्हे, चष्मा घातला आणि घरी गेले.

तीन दिवस ते बागेत आले नाहीत. बाकावर आम्ही तिघं, कुणालाच उभं राहावं लागत नव्हतं, आणि कुणी बोलतही नव्हतं. मला वाटलं, तीस वर्षांचा शेजार पोरीच्या एका नळीत बुडाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मिश्राजी माणूस चांगला. माझ्या बायपासच्या वेळी ते रायपूरच्या दवाखान्यात पाच दिवस बाकड्यावर झोपले. पण आमच्या घरी त्यांनी कधी पाणी घेतलं नाही. व्हरांड्यापर्यंत यायचे. विचारलं की त्यांचा उपवास असायचा. सुनंदानं काही वर्षांनी विचारणंच सोडलं होतं.

चौथ्या दिवशी ते आले आणि सरळ आतल्या खोलीत येऊन सोफ्यावर बसले. पंख्याकडे बघत म्हणाले, "भाभी जी... मतलब, बहन जी. चाय पिलाइए."

सुनंदा आत गेली. बराच वेळ झाला तरी चहा येईना म्हणून मी बघायला गेलो. ती गॅससमोर साखरेचा डबा धरून उभी होती.

"तीस वर्षं झाले," ती हळू आवाजात म्हणाली, "याले चहा गोड पायजे का फिका, मले मालूमच नाही."

"शुगर आहे त्याले."

तिनं भरून दोन चमचे साखर टाकली. मिश्राजींनी तो चहा संपवला आणि अजून अर्धा कप मागितला.

*

शेवटचा किस्सा मिश्राजींच्या नातीचा. रिंकूला बघायला रायपूरचे लोक येणार होते. मिश्राईन, म्हणजे मिश्राजींची बायको, जाऊन बरीच वर्षं झालीत, घरात वडीलधारी बाई नाही. सकाळीच मिश्राजी इस्त्रीचा कुर्ता घालून आमच्या दारात उभे. "बहन जी, आपको बैठना पड़ेगा."

सुनंदा बसली. मीही बसलो. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली आणि लग्न जमलं, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल.

मुलाचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, खांद्यावर शाल घेतलेले, बारीक चौकशीचे गृहस्थ होते. गाव विचारलं, गोत्र विचारलं, आजोळ विचारलं. मग त्यांची नजर सुनंदावर आली.

"और आप?"

मिश्राजींची सून ट्रे घेऊन दारातच थांबली. मी जमिनीवरच्या टाइल्स बघायला लागलो. शेजारीण आहे असं म्हटलं असतं तरी चाललं असतं, खोटंही झालं नसतं.

"हमारी बहन हैं," मिश्राजी म्हणाले. "माँ की तरफ़ से."

"अच्छा, अच्छा." ताऊजींनी मान डोलावली. "ससुराल कहाँ पड़ा बहन जी का?"

"भंडारा," सुनंदा म्हणाली. "नागपुर के पास."

ताऊजी विचारात पडले. "उतनी दूर? वहाँ भी मिश्र हैं?"

सुनंदानं सुनेच्या हातातला ट्रे घेतला आणि बर्फी ताऊजींच्या पुढं धरली.

"भाईसाहब," ती म्हणाली, "जहाँ देखिए वहाँ मिश्र ही हैं."